एकशे वीस डझन काळे ग्लास

माझं लग्न ज्या ग्लासामुळे अडलं, तो ग्लास मीच भरला होता. हे मी सगळ्यांना सांगितलं. कोणीही नाकारलं नाही. घोळ तिथूनच सुरू झाला.

आम्ही ग्लासातल्या मेणबत्त्या करतो. प्वेब्ला शहरापासून बसने चाळीस मिनिटांवर, उबाल्दा आत्याच्या अंगणात, पत्र्याखाली. उबाल्दा आत्या ही माझ्या बापाची बहीण. तिच्याकडे चार पातेली आहेत, प्रत्येकात एक माणूस आरामात उकडेल एवढी, आणि सव्वीस प्रकारच्या मेणबत्त्या. रस्ता मोकळा व्हावा म्हणून पिवळी, सतापेच्या पाल्याच्या वासाची. नोकरीसाठी हिरवी. कोर्टात जिंकायला तपकिरी. नवरा घरी यावा म्हणून लाल, आणि परत येऊ नये म्हणून जांभळी. या दोघींची खोकी आम्ही अंगणाच्या दोन टोकांना ठेवतो, कारण एकदा ठेवली नव्हती. सगळ्यात जास्त खपते ती शेजारणीचं तोंड बंद करणारी. आमच्या शेजारणीसुद्धा आमच्याकडूनच नेतात आणि आमच्याच समोर लावतात.

मेण सगळ्यात तेच. वात तीच. फरक रंगाचा, वासाचा आणि लेबलाचा. शेजारणी सोडल्या तर किरकोळ आम्ही विकत नाही. माल खोक्यांनी प्वेब्लाच्या बाजारात दोन्या रेमेदिओसच्या टपरीवर जातो (मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात), आणि तिथून पुढे लोकांच्या घरी.

मेणबत्ती सात दिवस जळते. मग माणूस रिकामा ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून परत टपरीवर आणतो आणि दोन्या रेमेदिओस तो उजेडात धरून वाचते. काच स्वच्छ असेल तर मागितलेलं मिळालं. एका बाजूला मेण उरलं तर समोरचा अजून विचार करतोय. काजळी धरली तर कोणीतरी आड आलंय. जितकी काजळी जास्त, तितका आड येणारा जवळचा.

आता, काजळी का धरते हे मेण ओतणाऱ्या कोणालाही विचारा. वासाचा अर्क जास्त पडला की वात तेल ओढते, ज्योत धूर सोडते आणि काच काळी होते. पण मेण ओतणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

आत्या अर्क मापत नाही. पातेल्यावर वाकायचं, डबा ओतत राहायचं आणि डोळ्यांच्या मागे कुठेतरी बारीक टोचलं की थांबायचं. याला आमच्याकडे नाकाचं काम म्हणतात. फेब्रुवारीत आत्या मुलीच्या बाळंतपणासाठी तीन आठवडे तेवाकानला गेली आणि जाताना नाकाचं काम माझ्यावर सोपवून गेली. माझं लग्न ठरलं ते याच बळावर. मागणीच्या दिवशी माझ्या होणाऱ्या बायकोच्या, नायेलीच्या, आईने, दोन्या एर्मिलाने, मुलगा काय करतो म्हणून विचारलं तेव्हा माझ्या बापाने छाती काढून सांगितलं होतं, "नाकाचं काम." ती बराच वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिली होती.

आत्या गेली आणि तिसऱ्या दिवशी मला सर्दी झाली.

बढती मिळून तीन दिवस झालेल्या माणसाने हे कोणाला सांगायचं? त्यात दोन्या रेमेदिओसची मोठी मागणी आली होती, लग्नांच्या दिवसांसाठी एकशे वीस डझन 'सुखी संसार'. गुलाबी रंग, संत्रं आणि दालचिनी. मी पातेल्यावर वाकलो. काही नाही. थोडं ओतलं, वाकलो. काही नाही. एक डबा संपला, दुसरा संपला. तिसऱ्या डब्याला मला आत कुठेतरी टोचल्यासारखं वाटलं. ती शिंक होती.

अशा प्रत्येक पातेल्याला मी शिंक येईपर्यंत ओतत गेलो.

त्या चौदाशे चाळीस ग्लासांपैकी एक दोन्या एर्मिलाने विकत घेतला. मुलीच्या लग्नाआधी आया लावतात तशी तिलाही सात दिवस मेणबत्ती लावायची होती. मी फुकट द्यायला तयार होतो, पण ओळखीतली मेणबत्ती ओळखीच्या माणसाचीच बाजू घेते असं तिचं मत. म्हणून ती बसने बाजारात गेली, रांगेत उभी राहिली आणि पूर्ण किंमत मोजून माझीच मेणबत्ती घेऊन आली. सातव्या दिवशी ग्लास मिरच्या भाजायच्या तव्यासारखा काळा झाला होता. दोन्या रेमेदिओसने तो उजेडात धरला, पण उजेड पलीकडे गेलाच नाही.

"या लग्नाच्या आड कोणीतरी आहे," ती म्हणाली. "घरातलंच."

लग्नाला दोन आठवडे होते. आमच्याकडे लग्नात प्रत्येक गोष्टीचा खर्च उचलणारा एक मानकरी असतो, एक अंगठ्यांचा, एक बँडचा, एक केकचा. दोन्या एर्मिलाने सगळ्यांना थांबा म्हणून निरोप धाडला. बाकीचे थांबले. केकचा मानकरी रोज सकाळी फोन करायचा, कारण त्याने अंडी घेऊन ठेवली होती.

मी दोन्या एर्मिलाकडे गेलो. ती स्वयंपाकघरात घेवडा निवडत होती. ग्लास टेबलावर, भरतकाम केलेल्या रुमालावर ठेवला होता. घरात त्याला कोणी हात लावत नव्हतं. मांजरही टेबलाला वळसा घालून जात होतं.

"दोन्या एर्मिला, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणालो.

"काय?"

"ही काजळी."

तिने घेवडा बाजूला ठेवला. "नायेली, बाहेर ये. हा कबूल करतोय."

"कबूल करत नाहीये, सांगतोय. मी वास जास्त घातला."

"किती?"

"तीन डबे. बहुतेक."

"कोणी घालायला सांगितले?"

"कोणीच नाही. माझं नाक बंद होतं, मला कळलंच नाही."

"नाक कोणी बंद केलं?"

"कोणी म्हणजे... सर्दी झाली होती."

"सर्दी अशी आपोआप होत नाही."

"होते की."

"तू डॉक्टर आहेस?"

"नाही."

"मग गप बस."

नायेली आतून आली. ती मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे घेरदार झगे शिवते, त्यामुळे तिच्या गळ्यात कायम टेप असतो आणि ती बोलता बोलता माणसांची मापं घेते. "आई, सर्दीच होती गं. मी पाहिलेत त्याचे रुमाल."

"रुमाल पाहिलेस. पाठवणारा पाहिलास?"

"एकशे वीस डझन ग्लास काळे झाले असणार," मी म्हणालो. "एकट्या तुमच्यावर कोण कशाला राग धरेल?"

"सगळे पाहिलेस तू?"

"नाही."

"बघ," असं म्हणून ती परत घेवड्याकडे वळली. काय बघायचं होतं ते मला समजलं नाही, पण मुद्दा तिने जिंकला होता एवढं समजलं.

नायेली मला दारापर्यंत सोडायला आली. "जाड्या, अजून नीट सांग तिला," ती हळूच म्हणाली. माझं वजन बावन्न किलो आहे. पण आमच्याकडे प्रेमाने असंच म्हणतात. "शनिवारपर्यंत तिचं मन वळलं नाही तर ती दिवस पुढे ढकलेल. आणि तिने एकदा पुढे ढकललं की ढकललं. माझ्या मावशीचं लग्न तिने एकदा पुढे ढकललं होतं."

"मग कधी झालं?"

"मावशी अजून आमच्याकडेच राहते."

म्हणून मी पुरावा आणायला बाजारात गेलो. दोन्या रेमेदिओसच्या टपरीसमोर रांग होती. प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला ग्लास, आणि प्रत्येकाची बोटं काळी. मला आनंद झाला. आपलं काम इतकं खराब झालेलं पाहून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

"ये गोऱ्या," दोन्या रेमेदिओस म्हणाली. माझा रंग मातीच्या मडक्यासारखा आहे. ती गिऱ्हाईक सोडून सगळ्यांना गोऱ्या म्हणते, आणि गिऱ्हाइकाला राणी.

मी तिला नाक, डबे, शिंक, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"माहीत आहे मला. तीस वर्षं विकतेय. खोकं उघडलं तेव्हाच टपरीतलं मांजर उलटं चालत बाहेर गेलं."

"मग लोकांना का नाही सांगत?"

"काय सांगू? थांब." ती रांगेतल्या पहिल्या बाईकडे वळली. "बोल राणी, सापडलं का कोणी?"

"सापडलं," बाई म्हणाली. "माझी जाऊ. मी तोंडावर विचारलं. आधी नाही म्हणाली, मग रडली. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तिला वाढायचं राहिलं होतं. काल मोलेचा रस्सा घेऊन आली होती, पातेलंभर. दुसरी मेणबत्ती द्या."

"आता कशाला?"

"दुसरी जाऊ आहे."

तिच्यामागच्या माणसाला त्याच्या दुकानातला भागीदार सापडला होता. त्याच्यामागच्या म्हातारीला तर स्वतःचा भाऊ सापडला होता. तो वारला होता, पण तिचं समाधान झालं होतं.

"एकशे वीस डझनांत एकही ग्लास खोटा निघाला नाही," दोन्या रेमेदिओस म्हणाली. "प्रत्येकाला कोणी ना कोणी सापडलंय."

"शोधायला बसलं की प्रत्येकाला कोणीतरी सापडणारच."

"मग? तुमच्या चांगल्या मेणबत्त्यांनी कोणी शोधायला बसत होतं का?"

मी टपरीवर पडलेले काळे ग्लास गोळा करू लागलो.

"आणि एक सांग गोऱ्या. इतकी वर्षं तुझं नाक उघडं. नेमकं या मेणबत्त्यांच्याच वेळी बंद का झालं?"

मी बसमध्ये यावर विचार करत बसलो आणि उतरायच्या जागेच्या दोन थांबे पुढे गेलो. मांडीवर अकरा काळे ग्लास होते, पुरावा म्हणून उसने आणलेले. खिशात तिने दिलेली चिठ्ठी होती. तीनशे डझन, तसेच. खाली अधोरेखित, अजिबात सुधारू नका.

आत्या तेवाकानहून परत आली होती. ती फाटकातच थांबली आणि हवा हुंगली. "तीन डबे," ती म्हणाली. मग तिने माझ्या नाकाबद्दल, माझ्या बापाच्या नाकाबद्दल आणि आमच्या घराण्यात एकूणच नाकांचं काय झालं याबद्दल बोलायला सुरुवात केली. मी चिठ्ठी पुढे केली. तिने वाचली आणि वाक्य अर्धंच सोडलं.

"कसं केलंस?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"शिंक येईपर्यंत ओतलं."

आम्ही छोट्या ग्लासांत करून पाहिलं. तीन डबे घातले, काच जेमतेम करडी झाली. चार घातले, वात बुडून विझली. साडेतीनला अर्धी काच काळी आणि अर्धी स्वच्छ आली. याचा अर्थ काय लावायचा ते दोन्या रेमेदिओसलाही सांगता आलं नसतं. त्या आठवड्यात मी मेण जास्त तापवलं होतं का, वाती कुठल्या रिळातल्या होत्या, काहीच आठवत नव्हतं. दोन दिवसांनी आत्या या निष्कर्षाला आली की कृती म्हणजे सर्दीच.

तिने मला ओल्या डोक्याने अंगणात वाऱ्यावर बसवलं. चिंचेचा बर्फाचा गोळा रोज तीन वेळा खायला घातला. मागच्या गल्लीत एकाला ताप आणि पडसं होतं, त्याच्याशी डॉमिनो खेळायला पाठवलं. त्याने चार डाव जिंकले, तो बरा झाला आणि मला काही झालं नाही. माझी तब्येत इतकी ठणठणीत कधीच नव्हती. मला पातेल्यावर वाकायची गरजही उरली नव्हती, पलीकडच्या चौकातल्या ब्रेडला बडीशेप कमी पडलीय हे इथे बसून कळत होतं.

"तू मुद्दाम करतोयस," आत्या म्हणाली.

शुक्रवारी नायेलीचा निरोप आला. उद्या सकाळी आई केकच्या मानकऱ्याला काय ते सांगणार आहे. मी अकरा ग्लास खोक्यात भरले आणि सकाळी सातला तिच्या दारात उभा राहिलो.

दोन्या एर्मिलाने ते एकेक करून टेबलावर मांडले, आपल्या ग्लासाच्या शेजारी.

"एवढ्या लोकांचं वाईट केलंस तू?"

"मी काहीच केलं नाही. हेच तर दाखवतोय. सगळ्यांची काजळी सारखीच आहे, कारण सगळ्यांत वास सारखाच जास्त आहे. कारण मला सर्दी होती."

"ठीक आहे. सर्दी होती. कोणी दिली?"

मी थकलो होतो. चार दिवस वाऱ्यावर बसलो होतो. "नायेलीने," मी म्हणालो.

नायेलीची सर्दी माझ्यापर्यंत कुठल्या वाटेने आली असेल याचा दोन्या एर्मिला विचार करत होती, आणि ती वाट लांबची नव्हती.

"दोघांत एकच कुल्फी होती," नायेली शांतपणे म्हणाली. "चर्चसमोरच्या बाकावर. दिवसाउजेडी."

"आणि तुला कोणी दिली?"

"तू."

"मी?"

"मागणीच्या दिवशी. ही माणसं ब्रेडच्या टोपल्या आणि बाटली घेऊन आली, तेव्हापासून तुझं नाक गळत होतं. डोळे लाल झाले होते. तू बसली होतीस तिथे, त्या कोपऱ्यात, आणि सारखी एप्रनला नाक पुसत होतीस. दुसऱ्या दिवशी मला शिंका सुरू झाल्या."

मलाही आठवलं. माझा बाप नाकाच्या कामाबद्दल बोलत होता आणि ती कोपऱ्यात नाक पुसत होती. आम्हाला वाटलं होतं तिला टोमणा मारायचाय.

"ती राख होती," दोन्या एर्मिला म्हणाली. "गोयोआजोबांनी राख टाकली होती त्या दिवशी." गोयोआजोबा म्हणजे आमचा ज्वालामुखी. गावात काहीही झालं की पहिला आळ त्याच्यावर येतो.

"नव्हती टाकली. मी दिवसभर पांढरे झगे बाहेर वाळत घातले होते."

"मग सर्दी असेल."

"मग तूच दिलीस."

"सर्दी नव्हती ती," दोन्या एर्मिला म्हणाली.

"मग काय होतं?"

तिने टेबलावरचा एक ग्लास उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. बारा ग्लासांत आपला कोणता हे आता तिलाही कळत नव्हतं. मावशी दारात येऊन उभी राहिली होती आणि आत यावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"तू या घरातून जाणार," दोन्या एर्मिला शेवटी म्हणाली. नायेलीला, पण ग्लासाकडे बघत. "त्यांनी टोपल्या ठेवल्या तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हे होऊ नये. देव करो आणि हे होऊ नये. मुलगा चांगला आहे. नाक जरा... पण चांगला आहे. तरी मला वाटलं. मग पाहुण्यांना कॉफी दिली."

मी हिशेब लावायचा प्रयत्न करत होतो. तिला सर्दी असेल, तर ती नायेलीला लागली, तिची मला, मला वास आला नाही, काच काळी झाली, म्हणजे काजळी तिच्यामुळे. तिला सर्दी नसेल, ती रडत असेल, तर घरातलंच कोणीतरी लग्नाच्या आड होतं, म्हणजे काच खरं बोलली. कुठूनही सुरुवात केली तरी मी तिच्याशीच येऊन थांबत होतो. फक्त ती रडत होती तर नायेलीला सर्दी कुठून झाली, हे कुठेच बसत नव्हतं. मी हे बोलून दाखवणार होतो. नायेलीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

दोन्या एर्मिलाने बाराही ग्लास मोरीत नेले आणि साबणाने घासले. पाच-सहा वेळा पाणी बदलावं लागलं. मग तिने केकच्या मानकऱ्याला फोन लावला.

"शनिवारी आहे," ती म्हणाली. "हो. पुढच्याच. अंडी फेकलीस? मग नवी आण."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"तुमच्याकडे मुलगी घरातून जाते तेव्हाची मेणबत्ती असते का?"

मी सव्वीस प्रकार मनातल्या मनात मोजले. "नाही."

"नवरा परत येऊ नये म्हणून असते?"

"असते. जांभळी."

"शेजारणीचं तोंड?"

"ती सगळ्यात जास्त जाते."

"आणि ही नाही. मग तुम्ही लोक करता काय दिवसभर?" ती म्हणाली. "मला एक करून दे. शनिवारच्या आत."

मी आत्याला सांगितलं. आत्याने विचारलं, "मुलगी परत यावी म्हणून, की तिकडेच सुखात राहावी म्हणून?"

"दोन्ही नाही, असं वाटतंय. किंवा दोन्ही."

"रंग?"

"ते बोलली नाही."

"गिऱ्हाइकाला नक्की हवंय काय?"

"तिला माहीत नाही."

"मग आपल्याला कसं माहीत असणार?" आत्या म्हणाली. "आणि एका ग्लासासाठी मी पातेलं चढवणार नाही. केली तर दहा डझन."

दहा डझन केल्या. मेणाला रंग दिला नाही, कारण कुठला द्यायचा यावर आमचं एकमत झालं नाही. वासासाठी मी फळीवरचे सगळे डबे उघडून बघितले. संत्र्याच्या फुलाचा थोडा घातला, कॉफीचा थोडा. मग आत्याने तिची मुलगी लग्न होऊन गेली तेव्हाचं आठवून लवंगेचे चार थेंब टाकले आणि लगेच म्हणाली, नको होते. लेबल कोरंच चिकटवलं. एक ग्लास बाजूला ठेवून बाकीचा माल दोन्या रेमेदिओसकडे पाठवला. तिचा फोन आला, "ही कशासाठी आहे गोऱ्या?"

"सांगता येत नाही."

"काळी होते का?"

"नाही."

"मग पाठवलीस कशाला?" असं म्हणून तिने ठेवून घेतली.

गुरुवारी संध्याकाळी मी दोन्या एर्मिलाकडे ग्लास घेऊन गेलो. ती एकटीच होती. आतून शिलाई मशीनचा आवाज येत होता. नायेली तिचा स्वतःचा झगा पुरा करत होती. दोन्या एर्मिलाने ग्लास हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले.

"हा कसला वास आहे?"

"कॉफी, संत्र्याचं फूल आणि थोडी लवंग."

"असा नसतो तो."

"मग कसा असतो?"

"ते सांगता आलं असतं तर मीच कारखाना नसता काढला?" तिने परत एकदा वास घेतला, या वेळी जास्त वेळ. आतलं मशीन थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"असा नसतो," ती म्हणाली. "पण राहू दे इथे."